सुटं शीत, थाळीचा भाव

अमेरिकेत कॉमिक्सचे नवे अंक दुकानात येण्याचा वार बुधवार. गुरुवार उजाडायच्या आत समीक्षक त्यांना दहापैकी गुण देऊन मोकळे होतात. वीस-बावीस पानांच्या अंकाला साडेसात गुण! यावरचा नेहमीचा आक्षेप असा, की गोष्ट सहा अंकांची आहे. शितावरून भाताची परीक्षा कसली करता? तक्रार रास्त वाटते. पण प्रकाशक शीत सुटंच विकतो, आणि त्याचे चार-पाच डॉलर मोजून घेतो. पैसे हप्त्याहप्त्याने घ्यायचे आणि टीका मात्र शेवटी एकरकमी द्या म्हणायचं, हा उधारीचा व्यवहार कुठला वाणी मान्य करील?

बरं, एका अंकात काही मावत नाही म्हणावं, तर तेही खरं नाही. १९६२ साली ‘अमेझिंग फँटसी’च्या पंधराव्या, म्हणजे बंद पडता पडता निघालेल्या अंकात स्टॅन ली आणि स्टीव्ह डिट्को यांनी स्पायडरमॅनला कोळी चावण्यापासून काकाच्या खुनापर्यंत सगळं अकरा पानांत उरकलं. ‘वॉचमेन’ (१९८६-८७) तर मुळातच बारा अंकांची. तरी तिच्या पाचव्या अंकात पहिल्या पानाची चौकटरचना शेवटच्या पानाशी, दुसऱ्याची शेवटून दुसऱ्याशी जुळवलेली आहे. हप्ता म्हणजे काम अर्धवट सोडण्याचा परवाना नव्हे.

कोणी म्हणेल, समीक्षकाला विचारतो कोण? खप तर घटनेवर होतो. कबूल. १९९२ साली सुपरमॅन मेला, तो ज्या अंकात, त्यात पानाला एकेकच चित्र. खास आवृत्ती काळ्या पिशवीत, आत दंडाला बांधायची काळी फीत. पिशवी फोडली की भाव उतरणार, म्हणून कित्येकांनी ती फोडलीच नाही. सुतक सीलबंद राहिलं आणि पुढच्या वर्षी सुपरमॅन परतलासुद्धा. अशा बाजारात अंक उघडून वाचण्याची ज्याच्यावर सक्ती आहे असा माणूस एकच, समीक्षक. त्याचं मत चुकेल, पण ते निदान पिशवीच्या आतलं असतं.

राहता राहिले ‘पुढे सगळं जुळेल’ म्हणणारे वकील. कथेतली चूक हुशारीने सावरून देणाऱ्या वाचकाला मार्व्हल पूर्वी ‘नो-प्राइझ’ धाडत असे: बाहेर अभिनंदन छापलेलं, आत काहीही नसलेलं पाकीट. वकिलांची फी तेवढीच ठेवावी.