चित्र पाठ आहे

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आलं. त्यामुळे पिंपरी पेंढार गावातलं पोरही आता चित्रावर घडाघडा बोलतं : ‘धिस इज अ पार्क. द बॉय इज फ्लाइंग अ काइट.’ हात मागे बांधलेले, नजर आढ्याला. चित्राकडे बघायची गरजच नाही, चित्रच पाठ आहे!

खिडकीबाहेर मात्र ऊस, आणि उसात बिबट्या. माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे खरं, पण सगळे काही तिथं मावत नाहीत. सळसळ झाली की हेच पोर ‘वाघ आला, वाघ!’ म्हणून ओरडतं. तेव्हा कर्ता-क्रियापद कुणी तपासत नाही.

गुरुजी, पुढच्या वेळी उसाचं चित्र लावा. आणि बिबट्याला इंग्रजीत काय म्हणतात, ते आधी तुम्ही बघून ठेवा.