चाळीस नगांची पेटी

पिंपरी-चिंचवडमधला कारखान्यातून निवृत्त झालेला माणूस ओळखायचा असेल तर त्याच्या फ्लॅटची ड्राय बाल्कनी पाहावी. इतर शहरांत तिथे वॉशिंग मशीन असतं. प्राधिकरणात, शाहूनगरात, संभाजीनगरात मशीनला थोडं सरकवून चार इंची व्हाइस बसवलेला असतो. बिल्डरने कपडे धुवायला म्हणून जी जागा दिली, तिथे एक छोटा कारखाना चालतो. तिन्ही पाळ्यांत नाही, पण शेजाऱ्यांच्या दुपारच्या झोपेच्या पाळीत हमखास. या कारखान्याला भांडवल कमी पडत नाही, जागा कमी पडते. आणि त्या जागेत एक दिवस आटे पाडायच्या टॅप-डायची चाळीस नगांची पेटी येऊन बसते. माझं म्हणणं एवढंच, की ही पेटी घेऊ नये. दोन, फार तर तीन डाय सुट्या घ्याव्यात. हाच सल्ला दूरच्या एखाद्या तालुक्याच्या गावी देताना मी जरा कचरेन. इथे मुळीच नाही.

पेटी उघडली की एम ३ पासून एम १२ पर्यंत डाय खाचांमध्ये बसलेल्या दिसतात, बऱ्याच मापांत जाड आट्यांची एक आणि बारीक आट्यांची एक. शिवाय एक अमेरिकी मापाच्या पाइपाची डाय असते. तो पाइप आपल्या घरात तर नसतोच, गल्लीतल्या कोणाकडेही नसतो. घरातलं काम मात्र ठरलेलं: टेबलाचे पाय, शिडीचा टायरॉड, ग्रिलचा क्लॅम्प, कुंड्यांचा स्टँड. या सगळ्यांची धाव एम ६, एम ८ आणि एम १० पलीकडे जात नाही. त्यामुळे या तीन खाचा काळ्या-तेलकट होतात आणि उरलेली पेटी रुखवतासारखी मांडलेलीच राहते: पाहुणे बघतात, वाहवा करतात, वापरत कोणी नाही.

यावर पहिला आक्षेप हिशेबाचा. चाळीस नगांनी भागलं तर एक नग किती स्वस्त पडतो! भागाकार बरोबर आहे, भाजक चुकीचा आहे. भागायचं ते वापरलेल्या नगांनी. शिवाय स्वस्त पेटीतल्या डाय बहुधा साध्या कार्बन स्टीलच्या असतात. त्या माइल्ड स्टीलच्या चार रॉडपुरत्या ठीक. पण आपल्याकडे रॉड म्हणून जे हाताशी येतं ते कित्येकदा स्लॅब टाकून उरलेल्या आठ एमएमच्या सळईचा तुकडा असतो. मोशी, रावेत, चिखलीत इमारती उठताहेत तोवर त्याला तोटा नाही. ती सळई तयार होतानाच तिचा बाहेरचा थर पाण्याने झटकन थंड करून कडक केलेला असतो, आणि वर बरगड्या. अशा सळईवर डाय फिरवली की आटे सळईला पडत नाहीत, डायचे दात पडतात. त्याच पैशात हायस्पीड स्टीलची एकच स्प्लिट डाय आणि मीटरभर ब्राइट बार घेतला तर दोन्ही टिकतात.

दुसरा आक्षेप आपल्या रक्तातला: ‘कधीतरी लागेल!’ या वाक्यावर मराठी माळे उभे आहेत. पण एमआयडीसी १९६२ साली स्थापन झाली, आणि त्यानंतर भोसरीपासून चाकणपर्यंत जे काही उभं राहिलं, ती आपली पेटीच आहे. कधीतरी एम १२ बारीक आट्याची डाय लागली, तर ती भोसरीच्या टूलच्या दुकानात सुटी मिळते. तिला वर्षानुवर्षं गंज खायला ठेवण्याचं काम त्या दुकानदाराने आपण होऊन अंगावर घेतलेलं आहे. कारखान्यांच्या जितकं जवळ राहावं तितक्या डाय कमी लागतात. लोक मात्र जितके जवळ राहतात तितक्या मोठ्या पेट्या घेतात.

तिसरा आक्षेप खरा वजनदार आहे. चाकण पट्ट्यात बोल्ट किलोवर मिळतो, तर घरी आटे पाडायचेच कशाला? आणि गाड्यांच्या बोल्टला तर कोणी आटे कापतही नाही. ते रोल करतात. एम ८ साठी साधारण ७.१ एमएमचा रॉड दोन कडक साच्यांमध्ये दाबून फिरवतात, धातू दबून वर उठतो आणि आठपर्यंत पोचतो. कीस पडत नाही, धातूचे तंतू तुटत नाहीत. बोल्टच्या डोक्यावर ८.८ कोरलेलं असेल तर तो ८०० मेगापास्कलचा ताण सोसतो. आपला माइल्ड स्टीलचा रॉड त्याच्या निम्म्यावर हात टेकतो. म्हणून ब्रेकचा बोल्ट घरी करू नये, हे मला निमूट मान्य. लांब रॉड हवा असेल तर मीटरभर थ्रेडेड रॉड आयता मिळतो, हेही मान्य. उरतं काय? मधे कोरा आणि दोन्ही टोकांना आटे असलेला रॉड, वाकवलेला यू-क्लॅम्प, हवं तेवढंच लांब हँडल. एवढ्यासाठी डाय हवी. आणि एवढ्यासाठी तीन पुरतात, हा माझाच मुद्दा आक्षेपकाने सिद्ध करून दिला.

तीनच असल्या तर त्या नीट वापरायला वेळ मिळतो. रॉड आठ नव्हे, ७.९ चा हवा, आणि टोकाला कानशीने उतार. डायच्या ज्या अंगाला माप कोरलेलं असतं ते बहुधा रॉडकडे. हँडलमधला मधला स्क्रू आवळला की डाय किंचित उघडते. पहिला हात तसा मारायचा, मग मधला ढिला करून बाजूचे दोन आवळायचे आणि नट हाताने फिरेपर्यंत पुन्हा. अर्धा फेरा पुढे, पाव मागे, म्हणजे कीस तुटतो. मोरवाडीच्या आयटीआयमधल्या फिटरच्या पोराला हे पाठ असतं. चाळीस वर्षं कारखान्यात प्लॅनिंग खात्यात काढलेल्यांना मागे फिरणं कमीपणाचं वाटतं, आणि मग आटे तिरके चढतात.

पेटीचा खरा पराभव नळापाशी होतो. आपण ‘अर्धा इंची’ म्हणतो त्या पाइपाच्या आट्यांचा बाहेरचा व्यास २०.९५५ एमएम असतो. अर्धा इंच म्हणजे १२.७. हे अर्धा इंच पाइपाच्या आतल्या पोकळीचं राहिलेलं नाव. आटे इंचाला १४, कोन ५५ अंशांचा, १८४१ साली व्हिटवर्थ साहेबांनी सुचवलेला. आपण कायद्याने १९५६ साली मेट्रिक झालो, पाइपाला कोणी कळवलं नाही. जुन्या इमारतीतला जीआय पाइप गळायला लागला की मालक पेटीतल्या सगळ्या डाय एकेक करून लावून पाहतात. मग प्लंबर येतो, गोणपाटातून रॅचेटची डाय काढतो, पाइप धरतो आणि थोडं तेल मागतो. तेल मात्र ड्राय बाल्कनीत तीन प्रकारचं असतं.