नानांचा सालगडी

भुक्तापुरात कुणाच्या दारात रेतीची ट्रॉली रिकामी व्हायला लागली की थोड्याच वेळात नाना तिथं उभे दिसतात. रेती त्यांची नसते, घर त्यांचं नसतं, ट्रॉलीवाला ओळखीचा असेलच असंही नाही. पण दोन्ही हात पाठीमागं बांधून, मान जराशी तिरपी करून कुणीतरी पाहत राहिल्याशिवाय काम सरळ होत नाही, ही त्यांची पक्की समजूत. अशा माणसाला आळशी म्हणावं तर तो भर उन्हात उभा असतो, आणि आदिलाबादचं मे महिन्यातलं ऊन काय चीज आहे हे ज्यानं खाल्लं त्यालाच ठाऊक. कष्टाळू म्हणावं तर त्यानं घमेल्याला कधी बोट लावलेलं नसतं. हा माणूस गावोगावी असतो. आमच्याकडं तो बोअरच्या गाडीशेजारी उभा राहून "अजून पन्नास फूट जाऊ द्या" असं सांगतो. पैसे अर्थात दुसऱ्याचे.

नानांना ही सवय कापसाच्या यार्डात लागली. एका अडत्याकडं त्यांची सारी नोकरी गेली. हंगामात यार्डाबाहेर गाड्यांची रांग लागायची, नाना एकेका गाडीत कोपरापर्यंत हात खुपसायचे आणि ओल सांगायचे. सीसीआय, म्हणजे सरकारी कापूस महामंडळ, आठ ते बारा टक्के ओलीचा कापूस घेते; बाराच्या वर गेला की शेतकऱ्यानं गाडी वळवायची, नाहीतर व्यापारी म्हणेल तो भाव घ्यायचा. त्यामुळं नानांच्या हाताला वजन होतं. पुढं ओल मोजायचं मीटर आलं. नाना आधी आपला आकडा सांगायचे, मग मीटर लावू द्यायचे. दोन्हींत फरक पडला तर मीटर बिघडलेलं असायचं.

असा माणूस घरी बसला की काय होतं ते घरच्यांना विचारावं. फोडणीत मोहरी तडतडायच्या आत नाना ओट्याशी. कामवाली मावशी पोछा मारायला लागली की नाना तिच्या मागं चार पावलांवर. "तो कोपरा राह्यला. दिवाणाखाली कोण मारन? पाणी बदलवलं का?" पोछा झाल्यावर फरशीला उलटा हात लावायचा आणि जाहीर करायचं, "बारा टक्के." मावशीनं बरेच दिवस सोसलं. मग एका सकाळी ओलं फडकं त्यांच्या हातात ठेवून ती म्हणाली, "घ्या नाना, तुमीच मारा. मी पायते."

त्या दिवशी नाना जेवले नाहीत. काकूंनी हैदराबादला फोन लावला. मुलगा गच्चीबावलीला सॉफ्टवेअरमध्ये. त्यानं दोन्ही बाजू ऐकल्या आणि ओळखलं की बाबांना पाहायला असं काहीतरी द्यायला हवं, की जे उलटून बोलणार नाही. पाडव्याला खोकं आलं. त्यातून भाकरीच्या तव्याएवढं, पांढरं, वाटोळं यंत्र निघालं: फरशी झाडतं आणि पुसतंही.

ही यंत्रं नवीन नाहीत. स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्सनं २००१ साली झाडणारं यंत्र बाजारात आणलं, २००२ साली अमेरिकेत रुंबा आला, आणि रुंबाच्याच कंपनीचं फरशी धुणारं स्कूबा २००५ साली. नातवानं हे वाचून दाखवलं तेव्हा नानांनी पहिलीच शंका काढली, "म्हंजे तीन वर्सं त्यायनं नुसतं झाडलं? पुसलं कोनं?" प्रश्न बरोबर आहे, पण तिकडं घरोघर गालिचे, गालिचा झाडायचा असतो, पुसायचा नसतो. आपल्याकडं उघडी फरशी, त्यामुळं पोछा मारणारं यंत्र आल्याशिवाय आपल्याला त्यात काही राम वाटला नाही. मग २०२० साली टाळेबंदी आली, कामवाल्या बायका घरी बसल्या, मध्यमवर्गाची कंबर धरली, आणि त्याच एप्रिलमध्ये शाओमीनं १७,९९९ रुपयांचं झाडू-पोछ्याचं यंत्र भारतात आणलं. तेव्हापासून हे खूळ मोठ्या शहरांतून आमच्यापर्यंत झिरपत आलं.

नानांनी खोक्यातलं वॉरंटी कार्ड पाहिलं. एक वर्ष. पाडव्याला आला, पुढच्या पाडव्यापर्यंत बांधलेला. "हा तं सालगडीच झाला," नाना म्हणाले. तेव्हापासून त्याचं नाव सालगडी. त्याचा आवाज मात्र इंग्रजी बोलणाऱ्या बाईचा. "स्टार्टिंग क्लीनिंग," असं ती म्हणाली की काकू अजूनही पदर सारखा करतात.

सालगड्याच्या डोक्यावर एक छोटी टोपी. तिच्यात लेझर फिरतो, भिंती मोजतो आणि घराचा नकाशा मोबाइलवर काढतो. पहिल्याच दिवशी त्यानं नानांच्या लांबलचक हॉलचे दोन तुकडे केले आणि दोन खोल्या दाखवल्या. नाना भडकले. ११ ऑक्टोबर २०१६ रोजी आमच्या जिल्ह्याचे चार झाले. निर्मल गेलं, मंचेरियाल गेलं, आसिफाबाद गेलं. "तवा आमाले कोनी इचारलं नाई. आता हालाचे तुकडे करताना तरी इचार म्हना." मुलानं हैदराबादहून बोट फिरवून हॉल पुन्हा एक केला. जिल्ह्याचं तसं करता येईल का, हे नानांनी हळूच विचारून घेतलं.

नकाशावर त्याचा रस्ताही दिसतो. शेजारचंच स्वयंपाकघर सोडून सालगडी आधी हॉलात जातो, तिथून झोपायच्या खोलीत, मग वळसा घालून स्वयंपाकघरात. परक्या माणसाला हे विचित्र वाटेल. आदिलाबादच्या माणसाला नाही. आमची कृष्णा एक्सप्रेस सिकंदराबादला निघते ती आधी महाराष्ट्रात शिरते, किनवट करते, मुदखेडला वळते आणि मग बासर-निजामाबाद करत पुन्हा तेलंगणात येते. सालगड्याला रेल्वेचा अनुभव असावा, असं नानांचं मत पडलं.

खरी कीर्ती पसरली ती देवघरामुळं. देवघरासमोर वीतभर रुंद काळ्या ग्रॅनाइटची पट्टी आहे. सालगडी तिथवर येतो, थांबतो, मागं सरतो आणि वळतो. कितीही वेळा सोडा, पट्टी ओलांडत नाही. नानांनी गल्लीत सांगितलं, "त्याले सोवळं कयते." बायका बघायला आल्या. एकीनं हात जोडले. पुढं नातवानं खुलासा केला: यंत्राच्या पोटाशी डोळे असतात, ते खाली न दिसणारा प्रकाश सोडतात आणि तो परत येतो का ते बघतात. परत आला तर जमीन आहे, नाही आला तर खड्डा. काळा दगड प्रकाश गिळतो, म्हणून यंत्राला वाटतं पुढं जिना आहे, पडू. नानांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "ते आमेरिकेत. आपल्या इथं सोवळंच."

आता नानांचा दिवस बघा. सालगडी अकराला निघतो. त्याआधी त्याच्या वाटेत काही असता कामा नये. चार्जरची वायर, नातवाचा मोजा, काकूंच्या जपमाळेचा गोंडा, पायपुसणं; ह्यातलं काहीही तो तोंडात धरतो आणि मध्येच उभा राहून मदत मागतो. म्हणून नाना साडेनऊपासून वाकलेले. खुर्च्या टेबलावर चढवायच्या, चपला मांडणीवर, पडदे वर खोचायचे. दोन सेंटिमीटरच्या वरचा उंबरा त्याला चढवत नाही, आणि जुन्या घराचे उंबरे तर लक्ष्मीलाही पाय उचलायला लावतील असे. नानांनी सुताराकडून लाकडी उतार करून घेतले. त्यांवरून सालगडी झोकात चढतो, काकू अडखळतात. "तुमी सवय करा," नाना म्हणाले. त्याला सवय लावता येत नाही.

टाकी पाव लिटरच्या आसपासची. पाणी कुठलं घालायचं ह्यावर नानांनी आठवडा घालवला. बोअरचं जड पाणी घातलं की वाळल्यावर फरशीवर पांढरे ओघळ दिसतात. फिनेल कंपनी चालू देत नाही. शेवटी ठरलं की सालगड्याला फिल्टरचं पाणी. माणसं नळाचं पितात.

आणि तो निघाला की नाना त्याच्या मागं चार पावलांवर. हात पाठीमागं, मान तिरपी. "पो, पो... आगू. इक्कड, इक्कड." मजुरांशी उभा जन्म तेलुगूत बोललेल्या माणसाला यंत्राशीही मराठी सुचत नाही. सालगडी ऐकत नाही, पण उलटूनही बोलत नाही, आणि नानांची मूळ गरज तेवढीच होती. कधी कधी तो नानांच्या पायाला भिंत समजून वळतो. नकाशावर हॉलच्या मधोमध दोन ठिपके उमटतात, ते नाना.

मावशीची नोकरी गेली असेल, असं तुम्हाला वाटलं असेल. काकूंनाही वाटलं होतं. मावशी पहिल्या दिवशी दारात उभी राहून बघत होती. यंत्र दिवाणाखाली शिरलं, पुसून बाहेर आलं. तिनं फक्त एवढं विचारलं, "ह्याचं फडकं कोन धुते?" नाना काकूंकडं बघायला लागले, काकू नानांकडं. आता मावशीच्या कामाचा हिशोब असा: भांडी वेगळी, कपडे वेगळे, मशीनचं फडकं धुणं न् घाण पाणी काढणं वेगळं. तिसऱ्या कामाचे पैसे पोछ्याइतकेच, आणि वाकावं लागत नाही. ह्या सगळ्या व्यवहारात नफ्यात एकटी मावशी आहे. तिनं शेजारच्या दोन घरांना मशीन घ्यायचा सल्ला दिलाय.

महालक्ष्म्यांच्या दिवशी मात्र सालगड्यानं नाव काढलं. काकूंनी आणि सुनेनं दारापासून मखरापर्यंत रांगोळीची पावलं काढली, त्यांत कुंकू भरलं, आणि दोघी आत पुरणाकडं वळल्या. नाना बाजारात आघाड्याची पानं आणायला गेलेले. अकरा वाजले. वेळापत्रक रोजचं, त्याला भाद्रपद माहीत नाही. "स्टार्टिंग क्लीनिंग." त्यानं पावलं शिस्तीत दारापासून पुसत नेली, कुंकू फडक्यात घेतलं आणि तसाच पुढं सगळ्या घराला पोछा मारला. नाना आले तेव्हा हॉल, झोपायची खोली, दिवाणाखालचा भाग सगळं गुलाबी. काकू डोळ्यांत पाणी आणून उभ्या. सून तोंडात पदर कोंबून उभी, पण ती वेगळ्या कारणानं. नानांनी घरभर फिरून पाहणी केली, फरशीला उलटा हात लावला आणि निकाल दिला, "पावलं पुसली नाई त्यानं. लक्ष्मीले घर फिरवून दाखवलं. संडास तेवढा सोडला." सणाच्या दिवशी ह्यावर कोण बोलणार? मशिदीजवळच्या किराणावाल्यापासून बेल्याच्या व्याह्यांपर्यंत हे वाक्य दोन दिवसांत पोचलं होतं.

दिवाळी झाली, कापूस निघाला. नानांची बेल्याकडं थोडी शेती आहे. भाव पडलेला, म्हणून कापूस विकायचा नाही असं ठरलं आणि आमच्याकडच्या रीतीनं एक खोली छतापर्यंत भरली. दार लावून घेतलं तरी फटीतून बोंडाची तुसं, सरकीचे तंतू घरभर. सालगडी रोज थोडा थोडा खात गेला आणि एका सकाळी कण्हून जागीच बसला. दुरुस्तीचं दुकान हैदराबादला, तीनशे किलोमीटरवर. कुरिअरवर नानांचा विश्वास नाही. त्यांनी त्याला चादरीत गुंडाळलं, मांडीवर घेतलं आणि कृष्णा एक्सप्रेसमध्ये बसले. शेजारच्या बाईनं विचारलं, "बाळ आजारी आहे का?" नानांनी मान हलवली, खोटं बोलले असं म्हणता येणार नाही.

दुकानातल्या पोरानं स्क्रू काढून ब्रश उघडला आणि चिमट्यानं कापूस ओढायला लागला. मूठभर निघाला. तो कचऱ्यात टाकणार तोच नानांनी त्याचा हात धरला, एक पुंजका उचलला, दोन्ही अंगठ्यांत धरून हळूहळू ताणला, धागा कुठं तुटतो ते डोळ्याजवळ नेऊन बघितलं, आणि म्हणाले, "स्टेपल चांगला हाय. ओल नाईच. ह्याले चांगला भाव भेटते." पोरगं तेलुगू, त्याला काही कळलं नाही. त्यानं एवढंच सांगितलं की बाबा, मशीन चालवायच्या आधी असला कचरा हातानं काढत जा, नाहीतर मोटर जाईल.

नाना तिथून थेट मुलाकडं गेले, एक रात्र राहिले, परतीच्या गाडीनं आले. गावात सांगितलं की हैदराबादच्या मोठ्या इंजिनियरनं कापसाबद्दल आपला सल्ला घेतला.

तर, तुमच्याही मनात असं मशीन घ्यायचं असेल तर आधी नानांकडचं बघून घ्या. भुक्तापुरात कुणालाही विचारा, घर दाखवतील. नाना चहा पाजतात, नकाशा दाखवतात, सोवळ्याची गोष्ट सांगतात. एकच करा, दहाच्या आत जाऊ नका. त्या वेळी नाना हातात केरसुणी घेऊन घर झाडत असतात, आणि तेव्हा तिथं उभं राहून कुणी पाहिलेलं त्यांना चालत नाही.