डावीकडून दीड इंच

दादा संशोधन लिहून देत नाहीत. ती कामं करणारे वेगळे आणि त्यांना पाट्या नसतात. दादा संशोधन ‘बसवून’ देतात. विद्यापीठाच्या गेटसमोर झेरॉक्सवाल्यांची जी ओळ असते, तिच्यात शेवटचा गाळा दादांचा. गाव कोणतंही घ्या, विद्यापीठ असलं की समोर असे एक दादा असणारच. शिक्षण बी.कॉम. अर्धवट. पण प्राध्यापक, सहयोगी प्राध्यापक, विभागप्रमुख सगळे त्यांच्या मागे प्लॅस्टिकच्या स्टुलावर हात जोडल्यासारखे बसलेले असतात, कारण कुणाची प्लेसमेंट अडलेली असते आणि जर्नलची शेवटची तारीख उद्यावर आलेली असते.

पेनड्राइव्ह लागला की दादा मजकूर वाचत नाहीत. शीर्षकही नाही. आधी कंट्रोल, शिफ्ट आणि आठचा आकडा एकदम दाबतात. एरवी न दिसणाऱ्या खुणा मग पडद्यावर उमटतात. प्रत्येक स्पेसचा एक ठिपका, प्रत्येक एंटरची एक उलटी शेपटी. इथं माणसाचं चारित्र्य कळतं.

“मॅडम, हे हेडिंग मधोमध कसं आणलंत?”

“स्पेस देऊन.”

“आणि पुढच्या पानावर कशा गेलात?”

मॅडम ठिपक्यांच्या त्या रांगोळीकडे बघत राहतात. एंटर, एंटर, एंटर अशी शेपट्यांची माळ पानभर लोंबत असते. तक्ता म्हणून जो दिसत होता, तो टॅब मारमारून उभा केलेला निघतो. दादा काही बोलत नाहीत. पोऱ्याला चहा सांगतात. एक चहा सांगितला तर काम तासाभराचं. दोन सांगितले तर मॅडमनी घरी फोन करून ठेवावा.

संदर्भसूची हा दादांचा खरा आखाडा. हल्ली मुलं झोटेरोसारखं सॉफ्टवेअर वापरतात आणि सूची आपोआप झाली म्हणून खुशीत येतात. दादा बोट ठेवतात ते नेमकं ‘शासन, म.’ या नोंदीवर. हे म. शासन कोण? तर महाराष्ट्र शासन. लेखकाच्या रकान्यात टाकलं, यंत्रानं शेवटचा शब्द आडनाव समजून पुढे आणला आणि उरलेल्या महाराष्ट्राचं आद्याक्षर केलं. याच हिशेबानं रिझर्व्ह बँकेच्याही वाट्याला आडनाव येतं. संतमंडळींचे हाल तर विचारू नका. जर्नलच्या संकेतस्थळावर आडनावाचा रकाना सक्तीचा आणि ग्रंथ ज्ञानेश्वरांचा, अशा पेचातून दादांनी किती जणांना सोडवलं असेल, ते त्यांनाच ठाऊक.

एपीए या संदर्भशैलीची सातवी आवृत्ती २०१९ मध्ये आली आणि तिनं प्रकाशकाच्या गावाचं नाव काढून टाकलं. मराठी ग्रंथांच्या सूचीत गाव म्हणजे दहांतल्या आठ वेळा पुणे. दादांनी रिप्लेस ऑलचं एक बटण दाबून एका ज्येष्ठ सरांच्या सूचीतून अख्खं पुणे वजा केलं, तेव्हा सर काही वेळ सुन्न बसले. जन्म सदाशिव पेठेतला. मला त्यांचं दुःख कळतं.

मराठीत लिहिणाऱ्यांकडे दादा जरा ममतेनं बघतात, कारण त्यांचं दैव आधीच फुटकं असतं. निबंध श्रीलिपीत केलेला, जर्नलला हवा युनिकोड. श्रीलिपी पुण्याची, आयएसएम काढणारं सी-डॅकही पुण्याचं. तरी एकीकडची फाइल दुसरीकडे उघडली की पडद्यावर कुठल्याशा परक्या मुलखातली अक्षरं डोक्यावर टोप्या घालून उभी. कन्व्हर्टर लावावा, तर ‘दुसऱ्या’चा ‘दुसर्या’ होतो आणि ‘शेतकऱ्यां’चे ‘शेतकर्यां’. मग दादा एकेक ‘ऱ्य’ शोधून हातानं बसवतात. एवढ्यापुरतं त्यांना वाचावं लागतं, आणि ते त्यांना आवडत नाही.

गिऱ्हाईक अलीकडे आणखी एक मागणी घेऊन येतं. “दादा, अडतीस टक्के आलंय, दहाच्या आत आणून द्या.” यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनी दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य माफ केलं, तेव्हापासून दहा हा आकडा ब्लडप्रेशरच्या रीडिंगसारखा सगळ्यांच्या तोंडी बसला आहे. दादा हे काम घेत नाहीत. नीतीचं कारण असेल, असं मला वाटायचं, पण ते म्हणतात, “शब्द बदलले की ओळी सरकतात.” शब्द बदलून देणाऱ्या यंत्रांनी जगभर काय उच्छाद मांडला, ते फ्रान्सच्या गीयोम काबानाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये दाखवलं. छापून आलेल्या निबंधांत आर्टिफिशियल इंटेलिजन्सचं ‘काउंटरफिट कॉन्शसनेस’ झालेलं त्यांना सापडलं. दादांच्या दुकानात त्याआधीच एकानं ऊसतोड कामगारांवरचा निबंध इंग्रजीत नेऊन परत आणला होता आणि त्यात ‘साखरेची काठी तोडणारे’ अवतरले होते. दादांनी ते जस्टिफाय करून दिलं.

भिंतीवर पूर्वी यूजीसी-केअरची यादी असायची. जर्नल यादीतलं खरं की त्याच नावाची बनावट जुळी बहीण, हे दादा आयएसएसएन पाहून सांगत. फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीनं ती यादीच बंद केली. आता तिथं कालनिर्णय आहे.

पण दादांचा खरा दबदबा वेगळाच. परीक्षकाकडे जाणाऱ्या प्रतीत लेखकाचं नाव चालत नाही. दादा पहिल्या पानावरचं नाव काढतात, तळटीपेतले आभार काढतात, ‘माझ्या यापूर्वीच्या लेखात’ हेही काढतात. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये मात्र लेखक म्हणून दुकानाचं नाव राहतं, कारण फाइल तिथंच जन्मलेली. त्या हिशेबानं महानुभाव गद्य, ठिबक सिंचन, नॅनोकण आणि महिला बचत गट अशा चारही विषयांत सारख्याच अधिकारानं लिहिणारा आपल्या विद्यापीठात एकच विद्वान आहे. ते नाव पुसायचं बटण दादांना माहीत नाही, असं कोण म्हणेल? दाबायचं राहून जातं, म्हणतात.

अशा माणसाला एकाच जमातीचं वावडं आहे, ते म्हणजे भौतिकशास्त्राची आणि गणिताची पोरं. ती लेटेकमध्ये लिहितात. मार्जिन, क्रमांक, सूची, समीकरणं सगळं आपापल्या जागी बसूनच येतं आणि पोरं प्रिंटपुरती गाळ्यात शिरतात. दादा अशांशी बोलत नाहीत. पानामागे दोन रुपये घेतात आणि तोंड फिरवतात. परवा मात्र प्रिंटरमधून निघालेलं एक पान त्यांनी उजेडाकडे धरलं. ओळी दोन्ही कडांना काटेकोर भिडलेल्या, मध्ये कुठं भगदाड नाही. बराच वेळ बघून त्यांनी खिशातली पट्टी काढली, डावी कड मोजली आणि पान त्या पोराच्या हातात ठेवलं.

“दीड इंच सोडलं नाहीस. बाइंडिंगला आलास की अक्षरं शिवणीत जाणार.”

“बाइंडिंग नाहीये, दादा. पेपर आहे, एक इंचच लागतो.”

“एकदा थिसिस होऊ दे,” दादा म्हणाले, “मग येशील.”