सामना लावणारे दादूस

खारघरच्या बेलपाड्याला मेट्रो स्टेशन आलं, १७ नोव्हेंबर २०२३ला गाड्या सुरू झाल्या आणि बेलापूर ते पेंधर हे अकरा किलोमीटर सोपे झाले. दादूस मात्र मेट्रोने कुठेच जात नाहीत. त्यांना स्टेशनाखालची सावली पुरते. संध्याकाळी कटिंग हातात आला, की ते तिथे सामने लावतात. जन्मात एकमेकांना न भेटलेल्या वीरांचे.

असा एक गडी गावोगाव असतो. 'मृत्युंजय' १९६७ साली आली, तेव्हापासून महाराष्ट्रात कर्णाचं वकीलपत्र घेणाऱ्यांना तर तोटाच नाही. पण घरगुती सामन्यांत दादूसांना रस नाही. मूळचा पिंड बैलगाड्यांच्या शर्यतींचा. २०१४ला सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी घातली, परवानगी मिळायला डिसेंबर २०२१ उजाडला. मधली सात वर्षं या माणसाने करायचं काय? बैल गेले, वीर आले.

सध्याचा सामना: हर्क्युलस विरुद्ध आग्नेयास्त्रवाला अर्जुन. ग्रीकाचा इथे काय संबंध, असं कुणी विचारलंच तर दादूस बोरघाटाकडे हात करतात. घाट चढला की कार्ले, आणि तिथल्या लेण्यातले खांब दान देणाऱ्यांत धेनुकाकटचे यवन आहेत, तसं खांबांवरच कोरलंय. "दोन हजार वर्षांपूर्वीचे शेजारी हायेत ते," एवढ्यावर तो विषय मिटतो.

मग पुरावे. हर्क्युलसच्या अंगावर नेमियाच्या सिंहाचं कातडं. शस्त्र त्यात शिरत नाही. पण ते जळतं का? यावर दोन संध्याकाळी गेल्या. हायड्राचं एक डोकं उडवलं की दोन उगवत, म्हणून मानेच्या जखमा डागाव्या लागल्या. "पन डागल्या कोनी? पुतन्यानं! आयोलाउसनं! आग हर्क्युलसच्या हातात नवतीच रं." समोरून उत्तर आलं, की रोमन कथेतला काकस तोंडातून आग नि धूर ओकत होता, तरी हर्क्युलस त्या धुरात उडी घेऊन त्याचा गळा आवळून मोकळा झाला. दादूसांनी ते नोंदवून घेतलं. वर शेरा मारला, की काकस गुहेत होता, अर्जुन रथात असतो. गळा आवळायला आधी गळ्यापर्यंत पोचावं लागतं.

अर्जुनाचा पुरावा आदिपर्वातला. गंगेकाठी चित्ररथ गंधर्वाने वाट अडवली, अर्जुनाने आग्नेयास्त्र सोडलं, रथाची राख झाली. गंधर्वाने निमूटपणे नाव बदललं: दग्धरथ. हरल्यावर इतक्या तत्परतेने पाटी बदलणारा दुसरा कुणी सापडत नाही.

"हर्क्युलस नद्या वळवतो," कोपऱ्यातला एक पोरगा म्हणाला. "ऑगियसचा गोठा त्यानं दोन नद्या वळवून धुतला. आग विझवंल की."

"मंग खारघरला आन त्याला," दादूस म्हणाले. "टँकरचे पैसे तरी वाचतील."

निकाल लागेल असं कुणालाही वाटेल. पण दादूसांचा जीव निकालात नाही, अटींत आहे. सामना कोणत्या साली? हा त्यांचा हुकमाचा पत्ता. मौसलपर्वातला अर्जुन धरला तर त्याला अस्त्रंच आठवत नाहीत. काठ्या घेतलेले आभीर त्याच्यादेखत यादवांच्या बायका पळवतात. आणि ओम्फाले राणीच्या चाकरीतला हर्क्युलस धरला तर तो लुगडं नेसून सूत कातत बसलाय. दोघांचा फॉर्म एकाच वेळी चांगला असेल अशी तारीख अजून निघालेली नाही.

परवा इतिहास घेऊन बीए करणारी पुतणी क्लासवरून येता येता थांबली.

"काका, मेगास्थेनिसने लिहिलंय, मथुरेकडचे शूरसेन हेराक्लीसला भजतात. तो म्हणजे कृष्णच, असं बरेच अभ्यासक मानतात."

"मंग?"

"मग तुमचा हर्क्युलस अर्जुनाच्याच रथावर लगाम धरून बसलाय."

टपरीवाल्यानेही स्टोव्ह बारीक केला. दादूसांनी चहा संपवला, ग्लास खाली ठेवला आणि हर्क्युलसला संघातून काढलं. जागेवर बेलेरोफॉन: आग ओकणाऱ्या कायमेराच्या घशात त्याने भाल्याच्या टोकाला शिसं लावून खुपसलं, ते वितळलं आणि कायमेरा मेली, असं एक कथा सांगते. आगीचा अनुभव दांडगा.

"पण त्याचा घोडा उडतो," पोरगा म्हणाला.

"उडू दे. अर्जुनाचे चार हायेत, ह्याचा एकच." दादूसांनी दुसरा कटिंग सांगितला. "आधी घोड्यांचं ठरवा."