मालकीचं झाड, परवानगीचं सरपण

आसनगाव स्टेशनवर उतरून माहुलीकडे बघत चालू लागलं, की वाटेत आमची मालकीची झाडी लागते. सातबारा आमच्या नावाचा. त्यामुळे मुंबईकर नातलगांचा समज असा, की आम्ही सकाळी उठून मनाला येईल त्या झाडावर कुऱ्हाड घालतो आणि दुपारी त्यावर तांदळाच्या भाकऱ्या भाजतो.

१९६४चा झाडतोडीचा कायदा त्यांच्या कानावर गेलेला नाही. त्याच्या अनुसूचीत साग, ऐन, खैर, किंजळ, जांभूळ अशी झाडं आहेत. ती स्वतःच्या रानातली असली तरी आधी परवानगी. यादी करणाऱ्याने जन्मभर चूल फुंकली असणार, कारण ज्याचा निखारा टिकतो ते बरोब्बर यादीत! बाहेर राहिले सावर आणि पांगारा. सावर कागदासारखी भुर्रकन जळते. पांगाऱ्याच्या फांद्या बांधाशी रोवून ठेवल्या, तर वाडीवरचे बाबा म्हणाले, "चुलीत कशाला घालता? पावसात पालवी येल त्याला." आली. आम्हाला कुंपण मिळालं, सरपण राहिलं.

परवानगीचा ऐन मिळालाच तर पौष-माघात तोडायचा आणि ओला असतानाच फोडायचा. वाळल्यावर तो कुऱ्हाडीला दाद देत नाही. गाठीत पाचर अडकते, ओंडका ताठ राहतो, फोडणारा वाकतो. ताज्या लाकडाचं जवळजवळ निम्मं वजन पाण्याचं. ते तसंच चुलीत सारलं, की चूल आधी त्यातलं पाणी उकळते, मग आपल्या हंड्यातलं. तोवर घरात कोणी गेल्यासारखे सगळ्यांचे डोळे वाहत असतात.

म्हणून फोडलेली लाकडं दगडांवर, वारा खेळेल अशी रचायची. टोकांना चिरा पडल्या, साल सुटली, दोन तुकडे एकमेकांवर खणखणले की वाळली. हे वाजवून बघण्याचं खातं मात्र येणाऱ्या-जाणाऱ्यांनी परस्पर वाटून घेतलं आहे. ऐन मे महिन्यातही निकाल एकच: "अजून बद्द वाजतंय." एक काका तर "घरी नीट तपासतो" म्हणून चांगल्या चार ढलप्या घेऊन गेले. अहवाल यायचा आहे.

मृग ७ जूनच्या सुमारास लागतो. त्याआधी आगोटीची लाकडं पडवीत गेली पाहिजेत. नातलगांनो, चुलीवरची भाकरी हवी असेल तर मे महिन्यात या, आणि मत द्यायच्या आधी दोन मोळ्या आत नेऊन ठेवा.