शाळेतला ळ आणि घरातली शाया

बालकाच्या लेखनाचा उगम पाटीवर होतो, असा समज वऱ्हाडात सर्वत्र रूढ असला, तरी अमरावती-अकोल्याकडच्या घरांच्या भिंती बारकाईने पाहिल्या असता तो टिकत नाही. दसऱ्याला पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढून आणि तिला हळदकुंकू वाहून लेखनाचा अधिकृत प्रारंभ होतो खरा. परंतु त्याच्या कितीतरी आधी, दिवाळीच्या रंगाचा वास जायच्या आत, जमिनीपासून दोन फूट उंचीपर्यंत पूर्वलेखन, म्हणजे अक्षरे येण्याआधीच्या रेघोट्यांचे लेखन, पूर्ण झालेले असते. वडीलधारी मंडळी यासाठी 'नासधूस' ही संज्ञा वापरतात.

लेखणी धरण्यासाठी अंगठा आणि दोन बोटे यांची जी पकड लागते, ती अक्षरे गिरवून घेण्यापेक्षा हिवाळ्यात तुरीच्या शेंगा सोलताना अधिक बिनतक्रार तयार होते. सोले, म्हणजे त्या शेंगांतले हिरवे दाणे, वाटीत कमी आणि तोंडात जास्त जातात, एवढाच या पद्धतीचा दोष. ओल्या बोटाने फरशीवर लिहिणे त्याहून सुरक्षित, कारण अकोल्याच्या मे महिन्यात पारा 45 अंशांजवळ असताना 'क'चा उजवा कान काढेपर्यंत डावा वाळलेला असतो आणि शुद्धलेखन तपासायला पुरावाच उरत नाही.

खरा तंटा 'ळ'वरून होतो. वऱ्हाडी बोलीत 'ळ'चा उच्चार बहुधा 'य' असा होत असल्यामुळे डोळ्याचा डोया आणि केळ्याचे केयं होते. आणि ध्वन्यनुसारी लेखन, म्हणजे कानाला जे ऐकू येते ते हाताने उतरवणे, ही लेखन शिकण्यातली स्वाभाविक पायरी असल्यामुळे पाच वर्षांचे मूल 'मी शायेत जातो' असे लिहिते, तेव्हा ते आजीचे तंतोतंत ऐकत असते, जे घरात अन्य कोणी करत नाही. वडील मात्र लाल पेन उघडून 'काऊन रे, शायेतला ळ कुठी गेला?' असे विचारतात, आणि आपल्या प्रश्नातूनही तो गेलेला आहे, हे त्यांच्या ध्यानात येत नाही. 'लिवू दे ना बाप्पा त्याले,' हा आजीचा अभिप्राय शास्त्रशुद्ध असूनही नोंदवला जात नाही. अंकलिपीचीही मदत होत नाही, कारण 'ळ'ने सुरू होणारा शब्दच मराठीत नसल्यामुळे ते बिचारे अक्षर 'ह'च्या मागे उसने चित्र घेऊन उभे असते.

बोलले तसे लिहिणे हा दोष मानायचा, तर तो या भागात फार जुना आहे. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे 1278च्या सुमारास म्हाइंभटांनी महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधर यांच्या आठवणी सांगणाऱ्यांना गाठून, त्यांचे बोलणे पाठभेदांसह टिपून लीळाचरित्र सिद्ध केले, आणि तो मराठीतील आद्य गद्यग्रंथ मानला जातो. लाल पेनवाले वडील त्या वेळी रिद्धपुरात नव्हते, ही मराठी गद्यावर मोठीच कृपा. आणि तरीही ग्रंथाच्या नावातला 'ळ' शाबूत आहे.

तेव्हा ज्या पालकांना घरी लेखनाचा सराव करून घ्यायचा असेल, त्यांनी किराण्याची यादी मुलाच्या हाती सोपवावी. तीत 'अर्धा किलो गुय' असे लिहिलेले असते. दुकानदार ते वाचतो आणि गूळच बांधून देतो.